पांडुरंग सांगवीकर नापास का झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात मराठी घेऊन एम.ए. करताय, सेमिनारसाठी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी निवडलीय आणि विषय दिलाय तिच्या राजकीय अर्थाचा. मार्गदर्शकांनी कागद परत केला आणि वर शेरा मारला, ‘ही लेखकाची स्वतःचीच गोष्ट आहे, त्यात राजकारण ओढूनताणून आणू नये.’ विषय बदलायचा की रेटायचा, असं विचारताय.

रेटा. पण त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करून मग रेटा. मी पुण्यातल्या कॉलेजांतून एकतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली निदान वीस वर्षं ही कादंबरी कुठल्या ना कुठल्या वर्गाला होती. हा शेरा मी स्वतः विद्यार्थ्यांच्या कागदांवर मारलेला आहे. पुढे मत बदललं, ते का बदललं तेच सांगतो.

आत्मचरित्राची शंका कुणालाही यावी इतका मालमसाला पुस्तकात आहेच. लेखकाचा जन्म १९३८ चा, खानदेशातल्या सांगवीचा. कादंबरी आली १९६३ साली, पुण्याच्या देशमुख आणि कंपनीकडून. म्हणजे लेखक पंचवीस वर्षांचा, नायकही पंचवीस वर्षांचा. लेखक शिकायला पुण्यात फर्ग्युसनला, नायकही शिकायला पुण्यात. नायकाचं नाव पांडुरंग, आडनाव सांगवीकर. एवढं समोर असताना वाचक बाकी काय समजणार? दरवर्षी पहिल्या तासाला मी विचारायचो, ‘हे लेखकानं स्वतःबद्दल लिहिलंय असं किती जणांना वाटतं?’ आणि वर्ग जवळजवळ सगळा हात वर करायचा. एकदा पिंपरी-चिंचवडकडची एक मुलगी म्हणाली, ‘सर, सांगवी म्हणजे आपली औंधच्या पलीकडची ना?’ सगळे हसले. मी पण हसलो. घरी जाताना लक्षात आलं की तिनं न कळत महत्त्वाचं काहीतरी सांगितलंय. सांगवी नावाची गावं महाराष्ट्रात कितीतरी आहेत. पांडुरंग तर घरोघरी. म्हणजे नायकाचं पूर्ण नाव हे एखाद्या माणसाची ओळख पटवण्यापेक्षा ती पुसण्याच्या कामाचं जास्त आहे. कुठल्याही गावचा कुणीही विठोबा. ज्याला स्वतःबद्दलच लिहायचंय तो असलं नाव कशाला घेईल?

आता पहिलं वाक्य घ्या. ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ या ‘उदाहरणार्थ’वर मराठीत पुष्कळ लिहून झालंय, बहुतेक जण त्याला बोलण्याची लकब म्हणतात, तरुण पिढीचा तिरकसपणा म्हणतात. लकब आहेच. पण व्याकरणाच्या अंगानं जरा बघा. आपण ‘उदाहरणार्थ’ कधी म्हणतो? आधी नियम सांगतो, मग उदाहरण देतो. ‘काही धातू द्रवरूप असतात, उदाहरणार्थ पारा.’ इथं आधी काहीच सांगितलेलं नाही. नियम गायब आहे, नुसतं उदाहरण उभं आहे. कशाचं उदाहरण? याचं उत्तर त्याच्या आधीच्या पानावर आहे, जे विद्यार्थी हमखास ओलांडून जातात. अर्पणपत्रिका: ‘शंभरातील नव्व्याण्णवांस.’ दोन्ही एकत्र वाचली की वाक्य पुरं होतं. हा पंचवीस वर्षांचा मुलगा त्या नव्व्याण्णवांतला एक नमुना आहे, आणि पुस्तक त्यांच्याच हातात ठेवलेलं आहे.

आत्मचरित्र लिहिणारा माणूस स्वतःच्या वयाला ‘उदाहरणार्थ’ म्हणत नाही. त्याचं सगळं भांडवलच मुळी ‘मी वेगळा’ यावर असतं. अर्पणपत्रिकेत आकडा येणं आणि पहिल्या वाक्यात ‘मी’चा नमुना होणं, एवढ्या दोन गोष्टींवर सुद्धा तुमचा विषय उभा राहतो.

पण खरी खुंटी वेगळीच आहे, आणि ती मला फार उशिरा सापडली. लेखक आणि नायक जिथं जुळतात ते सगळे जण मोजतात. ते जिथं जुळत नाहीत ते मोजा. सगळ्यात ठळक फरक हा की नेमाडे फर्ग्युसनमधून बी.ए. झाले, पुढे डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकले, आणखी एक एम.ए. केलं, प्राध्यापक झाले. पांडुरंग नापास होतो आणि गावी परत जातो. म्हणजे लेखकानं स्वतःच्या आयुष्यातून उचलून नायकाला गाव दिलं, वय दिलं, कॉलेज दिलं, आणि एकच वस्तू मुद्दाम काढून घेतली: डिग्री.

ही वस्तू का काढली असेल? तिच्यासकट गोष्ट कशी झाली असती ते मनात आणून बघा. खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात येतो, हाल काढतो, शिकतो, मोठा होतो, नाव काढतो. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे हीच सांगतात, सत्काराच्या भाषणात हीच येते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रानं स्वतःबद्दल सांगितलेली ही सगळ्यात लाडकी गोष्ट होती. तिच्यामागे खरं, घाम गाळलेलं काम होतं, हे विसरू नका. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती काही भाषणं करायला नव्हे. पण गोष्ट एकदा सरकारी झाली की तिचा साचा होतो. गावातून मुलगा घातला की दुसऱ्या टोकाला साहेब बाहेर पडतो. ‘कोसला’नं त्या साच्यात एक मुलगा घातला आणि दुसऱ्या टोकाला तोच मुलगा, नापास, देणी घेऊन, तसाच बाहेर काढून दाखवला. डिग्री काढून घेतल्याबरोबर ती लाडकी गोष्ट कोसळते. माझ्या मते कादंबरीतली सगळ्यात राजकीय कृती हीच. तिच्यात एकही पक्ष नाही, एकही मोर्चा नाही.

आता कुणी विचारेल की नापास तर हजारो मुलं होतात. बरोबर, म्हणूनच कोण नापास होतंय ते बघायचं. पांडुरंग गरिबाचा नाही. हा मुद्दा तुम्ही सेमिनारमध्ये जितका जोरात मांडाल तितकं चांगलं, कारण ‘ग्रामीण विरुद्ध शहरी’ असलं सोपं समीकरण मांडून पळून जाणारे पुष्कळ असतात. त्याच्या घरी शेती आहे, वडलांचं गावात वजन आहे, महिन्याला पैसे पाठवायची ऐपत आहे. कादंबरीतला काळ साधारण पन्नासचं दशक सरतानाचा. बाहेर त्या वेळी काय चाललं होतं? १९५७ च्या १ एप्रिलला कुळकायद्याचा ‘कृषक दिन’ झाला, कसणाऱ्याकडे जमीन गेली. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झालेलाच होता, त्याची बाकीच्या जिल्ह्यांत नक्कल होऊ लागली होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. ‘कोसला’ त्याच्या पुढच्याच वर्षी.

या तारखा फळ्यावर ओळीनं लिहिल्या की एक चित्र दिसतं. ज्या घरातून पांडुरंग आलाय, नेमक्या तसल्या घरांकडे महाराष्ट्राची सत्ता चालत येत होती. सोसायटी, बाजार समिती, कारखाना, जिल्हा परिषद, सगळ्या खुर्च्या रिकाम्या होऊन वाट बघत होत्या, आणि त्यांवर बसायला बऱ्यापैकी शिकलेली पोरं हवी होती. वडलांनी पांडुरंगाला पुण्याला धाडलं ते काव्यशास्त्रविनोदासाठी नव्हे. एका अर्थानं तो युवराज आहे. आणि हा युवराज गादी नको म्हणतो. बरं, नको म्हणून दुसरं काही हवं असंही सांगत नाही, क्रांती मागत नाही, कवितेत रमत नाही. नुसता परत येतो, बापाशी बिनसलेला, आणि गावातल्या बाकीच्या रिकामटेकड्या पोरांत मिसळतो. येऊ घातलेल्या राज्यकर्त्या वर्गाच्या वारसानं त्या राज्याला आधीच दिलेला हा नकार आहे, असं मी ती कादंबरी आता वाचतो. १९६३ साली हे कुणाला दिसलं नाही तर आश्चर्य नाही. नंतर त्या खुर्च्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, म्हणून आपल्याला दिसतं.

(एक योगायोग, पुरावा म्हणून वापरू नका: प्रवरेच्या कारखान्यामागे ज्यांची अर्थशास्त्री बुद्धी होती ते धनंजयराव गाडगीळ गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, आणि ती संस्था फर्ग्युसनच्या पाठीमागे, पायी दहा मिनिटांवर. एकाच टेकडीच्या पायथ्याशी एकीकडे ग्रामीण महाराष्ट्राचा आराखडा आखला जात होता आणि दुसरीकडे त्या आराखड्यातली पोरं तास बुडवून टेकडीवर फिरत होती. मला हे चित्र आवडतं, एवढंच.)

आता मेस. ‘कोसला’तला कॉलेजचा भाग वाचताना विद्यार्थी हसतात, हसावंच. वादविवाद मंडळ, गॅदरिंग, वसतिगृहातली पदं, मेस, सगळीकडे पांडुरंग हौसेनं पडतो आणि सगळीकडून खरचटून बाहेर येतो. याला ‘विद्यार्थिजीवनाचे विनोदी चित्रण’ म्हणायची पद्धत आहे. मीही तसंच शिकवायचो, पण मला स्वतःला ते कधी पटलं नव्हतं, कारण मी मेस सेक्रेटरी होतो.

१९७८ साल, पुण्यातलंच एक हॉस्टेल, नाव राहू द्या. साठ-पासष्ट मुलांची मेस. सेक्रेटरीची निवडणूक व्हायची, तिच्यात जातीचे आणि जिल्ह्यांचे गट पडायचे, रात्री खोल्याखोल्यांतून फिरून मतं मागायची, सगळं अगदी विधानसभेसारखं. मी निवडून आलो आणि फार खुश झालो. मग हातात आली खाड्यांची वही. जो मुलगा आदल्या रात्री सांगून जेवायला येणार नाही त्याचा खाडा धरायचा आणि महिन्याच्या बिलातून वजा करायचा, असा नियम. लांबट, लाल पुठ्ठ्याची वही, प्रत्येक पानावर नावं आणि तारखांच्या चौकटी. पहिल्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की खाडे पडतात तेवढे जण प्रत्यक्षात गैरहजर नसतात. खाडा टाकायचा, वर येऊन ‘जरा भाजी दे रे’ म्हणून वाढप्याकडून ताट भरून घ्यायचं. वाढपी चौदा-पंधरा वर्षांचा, कोकणातला, तो कुणाला नाही म्हणणार? किराणावाल्याचं बिल एक सांगायचं, कोठीतला तेलाचा डबा दुसरंच सांगायचा. आचारी म्हणायचा, ‘साहेब, आधीचे सेक्रेटरी एवढं बघत नव्हते.’ तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्र्याऐंशी रुपयांची तूट आली. मी गटाच्या पुढाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘भरून टाक यार, तुझ्या घरून येतात ना पैसे.’

मी भरले. घरून आलेल्या मनीऑर्डरीतून भरले. पोस्टमननं दिलेल्या नोटा तशाच किराणावाल्याच्या गल्ल्यात गेल्या, आणि वडलांना पत्रात लिहिलं की पुस्तकं घेतली.

त्या दिवशी मला लोकशाहीबद्दल जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं: पद त्यालाच परवडतं ज्याला तूट भरून काढता येते. आमच्या हॉस्टेलात सालदाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्याचा, मुलगा एकच होता. तो कधी कुठल्या निवडणुकीला उभा राहिला नाही आणि आम्ही त्याला ‘अबोल’ म्हणायचो. पुढे काही वर्षांनी ‘कोसला’ पुन्हा वाचताना हे सगळं वर आलं. पांडुरंगाच्या सगळ्या सार्वजनिक उपक्रमांचा शेवट पैशात होतो, आणि ते पैसे शेवटी गावाहून, बापाकडून यायचे असतात. कॉलेज म्हणजे त्या मुलाला मिळालेलं छोटं प्रजासत्ताक. निवडणूक आहे, भाषणं आहेत, समित्या आहेत, हिशोब आहेत. तिथं तो भोळेपणानं कारभार करून बघतो आणि कारभार म्हणजे काय ते समजून घेऊन उठतो. असा मुलगा पुढे जिल्हा परिषदेला उभा राहील का? विनोदाच्या खाली हे शिक्षण चाललंय. तुमच्या सेमिनारमध्ये मेसच्या पानांना जास्तीत जास्त वेळ द्या. तिथला एकेक रुपया कुठून येतो आणि कुठं जातो हे पेन्सिलीनं समासात लिहून काढा. पैशाचा माग काढत वाचलं की ही कादंबरी वेगळीच दिसायला लागते.

भाषेचा मुद्दा तुमचे मार्गदर्शक स्वतःच काढतील, म्हणून तो पटकन सांगतो. ‘वगैरे’, ‘थोर’, ‘एकूण’ हे शब्द पांडुरंग पुन्हा पुन्हा वापरतो. ‘थोर’ बघा. पुण्यात थोर म्हणजे पुतळा, रस्त्याचं नाव, शंभरावी जयंती. पांडुरंग हा शब्द कशालाही लावतो आणि पुस्तक संपेपर्यंत त्याची हवा काढून टाकतो. ज्या शहरानं प्रमाण मराठी ठरवली त्या शहरात बाहेरून आलेला मुलगा तिथलेच वजनदार शब्द घेऊन त्यांना पोकळ वाजवून दाखवतो. यात जात आहे, हे उघड आहे, आणि ते न बोलता पुढे जाऊ नका. मात्र ‘पुणेरी ब्राह्मणी संस्कृतीविरुद्ध बहुजनांचा आवाज’ एवढ्यावरच थांबलात तर कादंबरी अर्धीच वाचली असं होईल. पांडुरंगाचे जिवाभावाचे मित्र याच शहरातले आहेत, आणि ज्या गावात तो परत जातो त्या गावाला तो सोडत नाही. पुण्याला हसणारा हा मुलगा सांगवीला देव्हाऱ्यात बसवत नाही. नंतर नेमाड्यांनीच मांडलेल्या देशीवादाच्या, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतल्या परंपरेत रुजावं या विचाराच्या, चष्म्यातून ही कादंबरी मागे वळून वाचणारे इथंच घसरतात. देशीवादाची मांडणी पुढची आहे. १९६३ चा पांडुरंग अजून कशाचाच वादी झालेला नाही.

इतिहासाची पानंही सोडू नका. पांडुरंग आणि त्याचा मित्र भविष्यातले इतिहाससंशोधक झाल्यासारखे आपल्याच काळावर बोलतात, तो भाग. हे जगात कुठंही चाललं असतं, पण पुण्यात त्याला धार येते. इथं इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, इथं कागदपत्रं, बखरी, सनावळ्या हा लोकांचा घरगुती विषय. ‘अस्सल साधन’ या शब्दाला इथं सोवळं आहे. त्या शहरात दोन पोरं बसून साधनांवरून निष्कर्ष काढण्याची नक्कल करतात. आपण आज ज्याला गंभीरपणे आपलं युग म्हणतो त्याचं पुढं काय उरणार, हा प्रश्न टवाळीतून विचारलाय. आणि गंमत म्हणजे आत्मचरित्रवाल्यांना याच पानांचं काय करावं कळत नाही. हे लेखकाच्या आयुष्यात घडलं होतं का? घडलं असलं तरी काय फरक पडतो?

आता तुमच्या विषयाच्या विरोधात जाणारं. ते तुम्ही स्वतः मांडलंत तर मार्गदर्शकांच्या हातात काही उरणार नाही.

एक तर ‘नव्व्याण्णवांस’ हा आकडा जरा तपासून घ्या. नव्व्याण्णवांत कोण येतं? पांडुरंग येतो. त्याच्या घरच्या शेतात राबणारा येतो का? खानदेशात बागायतदाराच्या घरी सालदार असायचा, वर्षाच्या बोलीनं बांधलेला माणूस. मनीऑर्डर ज्या पैशाची, त्यात त्याचा घाम आहे. कादंबरीचा ‘मी’ वडलांशी भांडतो, पण ते भांडण मालकाच्या मुलाचं मालकाशी आहे. बायकांचंही तसंच, घरातल्या बायकांचं दुःख त्याला दिसतं, टोचतं, पण कादंबरीतला ‘मी’ पुरुषाचा आहे आणि नापास होऊन रिकामं बसायची चैनही पुरुषाचीच. त्याच्या वयाच्या गावातल्या मुलीला तोवर दोन मुलं झालेली असतील. हे लेखकाचं पाप म्हणून सांगू नका. कादंबरीला ते माहीत आहे की नाही, हा प्रश्न म्हणून ठेवा. माझं मत, अर्धवट माहीत आहे.

दुसरं म्हणजे धाकट्या बहिणीचं मरण. इथं मी चूक केलेली आहे म्हणून सांगतो. एका वर्षी मी नव्या उत्साहात फळ्यावर लिहीत होतो: खेडं, दवाखाना, सरकारी आरोग्यव्यवस्था, मुलीच्या जिवाची किंमत. सगळं खरंच होतं, खोटं एक अक्षर नाही. मागच्या बाकावरून एक मुलगी, बीडकडची, एरवी कधी न बोलणारी, म्हणाली, ‘सर, तेवढं राहू द्या ना.’ मी विचारलं काय राहू द्यायचं. ती म्हणाली, ‘तो तिथं काही समजावून सांगत नाहीये. तुम्ही समजावताय.’ मी खडू खाली ठेवला. त्या पानांवर ‘उदाहरणार्थ’ची सवय असलेल्या माणसाला उदाहरण देता येत नाही, त्याची सगळी तिरकी हत्यारं तिथं गळून पडतात. पांडुरंग अजिंठ्याची लेणी बघायला जातो, त्या पानांवरही थोडंफार तसंच. राजकीय वाचनानं कुठं हात आखडता घ्यायचा हे कादंबरीच सांगते. त्या मुलीला ते ऐकू आलं, मला वीस वर्षं आलं नव्हतं.

‘लेखकाची स्वतःची गोष्ट आहे’ या वाक्याबद्दल आणखी थोडं. मराठी समीक्षेत हे वाक्य सगळ्यांना सारखं लागत नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. राजबंदी माणूस तुरुंगात बसून एका खोताच्या घराचं कर्जापायी होणारं वाटोळं लिहितो, आणि आपण ते आईच्या मायेचं पुस्तक म्हणून पाचवीच्या मुलांना बक्षीस देतो. माया आहेच हो, पण जप्तीही आहे. उलट बाजूनं दया पवारांचं ‘बलुतं’ घ्या, १९७८ चं. तिथं ‘मी’ म्हटल्याबरोबर सगळ्यांना समाजशास्त्र दिसलं, दाहक वास्तव दिसलं, आणि दगडू मारुती पवार हा दया पवाराला आपली कहाणी सांगतोय ही त्यातली रचना, एका माणसाचे दोन करून केलेलं बांधकाम, बराच काळ कुणी धड बघितलंच नाही. दलितानं ‘मी’ म्हटलं की राजकारण, कला नाही. पांडुरंगानं ‘मी’ म्हटलं की एकाकीपण, अस्तित्ववाद, राजकारण नाही. ही वाटणी कुणी केली? मार्गदर्शकांना हा प्रश्न तोंडावर विचारू नका, सेमिनारला गुण त्यांच्याच हातात असतात. पण पेपरात एका परिच्छेदात नक्की घाला.

शीर्षकाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. ‘स्वतःभोवती विणलेलं एकाकीपण’ असा अर्थ बहुतेक ठिकाणी मिळेल, आणि तो चूक नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की रेशीम ज्यांना हवं असतं ते किडा पतंग होऊन बाहेर पडायची वाट बघत नाहीत. कोश फोडून तो बाहेर आला तर धागा तुटतो, म्हणून कोश आधीच गरम पाण्यात नाहीतर वाफेत घालतात. मी यावर फार भर देत नाही, शीर्षकावरून निघालेली समीक्षा लवकर हवेत जाते. पण ‘तो बाहेर का पडत नाही’ याऐवजी ‘धागा कुणाला हवा होता’ असा प्रश्न एकदा विचारून बघायला हरकत नाही.

आता कामाचं. वीस मिनिटं म्हणजे आठ-नऊ पानं. सगळी कादंबरी त्यात कोंबू नका. पहिली पाच मिनिटं अर्पणपत्रिका आणि पहिलं वाक्य, बस. मग लेखकाची डिग्री आणि नायकाचं नापास होणं. इथं आत्मचरित्राचा आक्षेप तुम्हीच उचला आणि तो तुमच्या बाजूनं वळवा. मग तारखा, पण चारच, आणि त्या जिल्हा परिषदेपाशी आणून थांबवा. उरलेला सगळा वेळ मेसला. सालदाराचा मुद्दा शेवटच्या पानावर. बहिणीचं मरण घेऊ नका. कुणी प्रश्नोत्तरांत विचारलं तर का घेतलं नाही ते सांगा.

आणि विषयाचं नाव बदला. ‘कोसला: एक राजकीय अन्वयार्थ’ असलं लिहिलंत तर कुणीही शेरा मारेल. ‘पांडुरंग सांगवीकरच्या मेसचा हिशोब’ असं लिहून कागद पुन्हा द्या. अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली तर तीच घ्या, समासात लिहायला जागा बरी असते आणि आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केलेल्या असतात. माझ्या प्रतीत मेसच्या पानावर कुणीतरी नुसतं ‘खरंय’ लिहून ठेवलंय, अक्षर माझं नाही.